प्रभूच्या दिवशीं मंदिरांत कां जावें?

गेल्या वर्षीं पवित्र शास्त्राच्या तासाला नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "सर, देव सर्वत्र आहे असें आपणच शिकवितां. मग त्याची भक्ति करण्यासाठीं रविवारीं देवळांतच कां गेलें पाहिजे? वसतिगृहाच्या गच्चीवर बसून मीं प्रार्थना केली, तर ती देवास ऐकूं जाणार नाहीं काय?" वर्ग हंसला. आम्हांसही त्या बोलण्यांत थोडा उद्धटपणा दिसला, आणि "ह्या सगळ्या सबबी आहेत" असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. तो बसला, परंतु त्या वर्षीं पुन्हा त्यानें त्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीं. पुढें विचार करितां आमच्या ध्यानांत आलें कीं, तो प्रश्न उद्धट नव्हता व ती सबबही नव्हती. त्याचें उत्तर आमच्याकडे बाकी राहिलें. आतां तो विद्यार्थी दहावींत आहे व लवकरच ही शाळा सोडून जाईल. तत्पूर्वीं तें देणें ह्या वार्षिक अंकाच्या निमित्तानें फेडावें असा आमचा विचार आहे.

आरंभीं त्या प्रश्नांत जें खरें आहे तें कबूल केलें पाहिजे. देव देवळाच्या चार भिंतींत कोंडलेला नाहीं. खरी उपासना अमक्या डोंगरावर किंवा अमक्या नगरांतच होते असें नाहीं, हें प्रभु येशूनें विहिरीवर शोमरोनी स्त्रीला स्वतःच सांगितलें. दार लावून एकांतांत प्रार्थना करावी, हेंही त्यानेंच शिकविलें. आणि तो पहांटे उठून रानांत एकटा जात असे. ह्यावरून कोणी म्हणेल, झालें तर मग! परंतु ज्यानें हें शिकविलें तो शब्बाथ दिवशीं काय करीत असे, हेंही पाहूं. लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत तो नासरेथ येथील सभास्थानांत गेल्याचा वृत्तांत आहे, आणि असें जाणें हा त्याचा नेहमींचा परिपाठ होता असें लूक मुद्दाम नमूद करितो.

ह्या परिपाठाकडे आपण सहसा लक्ष देत नाहीं. नासरेथ हें लहानसें खेडें. तेथील सभास्थानांत कोणी मोठे पंडित उपदेश करीत असतील असें दिसत नाहीं. ज्या शेजाऱ्यांच्या मांडीस मांडी लावून तो तेथें बसे, त्याच शेजाऱ्यांनीं त्या दिवशीं संतापून त्यास गांवाबाहेर काढलें व कड्यावरून लोटून देण्याचा प्रयत्न केला. त्या लोकांचीं मनें कशीं होतीं हें त्यास आधीं ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? तरी तो जात राहिला. एकांतांतील प्रार्थना व मंडळीबरोबरची उपासना ह्या त्याच्या आयुष्यांत एकमेकींच्या सवती नव्हत्या. ज्यास तेथें शिकण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें तो गेला, आणि ज्यांस सर्वच शिकावयाचें आहे ते आपण "मला तेथें काय मिळतें?" असें विचारतों.

येथें 'मंदिर' ह्या शब्दाविषयीं एक खुलासा केला पाहिजे. पहिल्या ख्रिस्ती लोकांस मंदिरेंच नव्हतीं. घंटा नाहीं, बांक नाहींत, वेदी नाहीं. कोणाच्या तरी घराच्या माडीवर किंवा अंगणांत ते जमत. तेव्हां 'मंदिरांत जाणें' ह्याचा मूळ अर्थ इमारतींत जाणें असा नसून एकत्र जमणें असा आहे, आणि हें एकत्र जमणें मंडळीच्या जन्मापासूनचें आहे. सन ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी ह्यानें सम्राट् त्रायान ह्यास ख्रिस्ती लोकांविषयीं एक पत्र लिहिलें. हा मनुष्य त्यांचा मित्र नव्हता. त्यानें त्यांस शिक्षा दिल्या होत्या. त्यास चौकशींत आढळलें तें एवढेंच कीं, हे लोक ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात, ख्रिस्तास देव मानून त्याचें गीत गातात, आणि चोरी, व्यभिचार करणार नाहीं, दिलेला शब्द मोडणार नाहीं व कोणाची ठेव बुडविणार नाहीं अशी शपथ घेतात. उजाडण्यापूर्वींच कां? तर दिवस उगवल्यावर प्रत्येकास कामावर जावयाचें असे, आणि त्यांत गुलामही होते. रविवार हा तेव्हां सुटीचा वार नव्हता. तो सुटीचा झाला सन ३२१ मध्यें, सम्राट् कॉन्स्टंटाइनच्या हुकुमानें. आणि त्या हुकुमांतूनही शेतकऱ्यांस वगळलें होतें. म्हणजे पहिलीं जवळजवळ तीनशें वर्षें ख्रिस्ती मनुष्य आपली झोंप मोडून उपासनेस जात असे. आपणांस सुटी आहे, घड्याळ आहे, रस्ता आहे. आणि नऊ वाजतां डोळे उघडत नाहींत.

ह्याहून विस्तृत वर्णन शहीद जस्टिन ह्यानें सन १५५ च्या सुमारास लिहून ठेविलें आहे. हा शोमरोन प्रांतांतच जन्मला, पुढें रोम शहरांत शिक्षक झाला, आणि सन १६५ च्या सुमारास विश्वासासाठीं त्याचा शिरच्छेद झाला. तो सांगतो कीं, रविवारीं शहरांतील व खेड्यांतील लोक एके ठिकाणीं येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितका वाचतात. मग मुख्य मनुष्य बोध करितो, सर्व उभे राहून प्रार्थना करितात, आणि भाकर व द्राक्षारस वांटला जातो. येथपर्यंतचें आपल्या उपासनेशीं इतकें जुळतें कीं, तो जस्टिन आज आपल्या देवळांत आला तर त्यास फारसें परकें वाटणार नाहीं. परंतु आमचें लक्ष वेधलें तें पुढील दोन गोष्टींनीं. जे येऊं शकले नाहींत त्यांच्यासाठीं सेवक भाकरीचा वांटा घरीं नेऊन पोंचवीत. आणि ज्यांच्यापाशीं असे ते स्वखुशीनें कांहीं देत. तें अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगांतील कैदी व परगांवचे पाहुणे ह्यांच्यासाठीं खर्च होई.

जो आला नाहीं त्याचा वांटा राखून ठेवलेला असे! म्हणजे कोण आला नाहीं हें त्या लोकांस ठाऊक असे, आणि तो कां आला नाहीं हेंही ठाऊक असे. गच्चीवर एकट्यानें प्रार्थना करणाऱ्याची देव दखल घेतो ह्यांत संशय नाहीं. पण गच्चीवरून तुरुंगांतल्या भावास भाकर कशी पोंचेल?

ह्या एकत्र येण्याची किंमत किती मोजावी लागे, तें सन ३०४ मध्यें उत्तर आफ्रिकेंत दिसून आलें. आदल्या वर्षीं सम्राट् डायोक्लीशन ह्यानें ख्रिस्ती देवळें पाडण्याचा, पवित्र ग्रंथ जाळण्याचा व सभा बंद करण्याचा हुकूम काढला होता. आबितिना गांवच्या अध्यक्षानें भिऊन ग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले. पण सातुर्निन नांवाच्या वडिलानें व कांहीं ख्रिस्ती लोकांनीं घरांत जमून उपासना चालू ठेविली. एकूण एकोणपन्नास जण पकडले गेले. त्यांस कार्थेज येथें सुभेदारापुढें उभें करण्यांत आलें. एमेरित नांवाच्या वाचकास विचारलें, "हुकूम असतां तूं ह्या लोकांस घरांत कां येऊं दिलेंस?" तो म्हणाला कीं, ते माझे भाऊ आहेत; आणि प्रभूच्या दिवसाच्या उपासनेवांचून आम्हांस राहतां येत नाहीं. त्या एकोणपन्नास जणांत सातुर्निनाचीं चार मुलें होतीं. त्यांतील सर्वांत धाकटा हिलारियान इतका लहान होता कीं, सुभेदारानें त्यास नाक-कान कापण्याची भीति घालून पाहिली. तरी तो डगमगला नाहीं. वाचकांपैकीं जे पांचवी-सहावींत आहेत त्यांनीं त्याच्या वयाची कल्पना करून पाहावी.

ह्या लोकांस कोणी जबरदस्तीनें उपासनेस नेत नव्हतें. जबरदस्ती होती ती न जाण्याची. पुढें काळ पालटला व जबरदस्ती उलट्या बाजूनें आली. त्याच सुमारास स्पेन देशांतील एल्विरा येथील सभेनें असा नियम केला होता कीं, शहरांत राहणारा मनुष्य लागोपाठ तीन रविवार आला नाहीं, तर त्यास सुधारणेसाठीं कांहीं काळ मंडळीबाहेर ठेवावें. हा निदान मंडळीचा घरगुती नियम होता. पण इंग्लंडांत सन १५५९ च्या कायद्यानें रविवारीं देवळांत न येणाऱ्यास दर खेपेस बारा पेन्स दंड ठरविला, आणि दुसऱ्या पंथाचे जे प्रामाणिक ख्रिस्ती होते ते त्यांत भरडले गेले. त्याच इंग्लंडांतून कॅथॉलिक पंथाचा एक तरुण बाहेर पडला व सन १५७९ मध्यें गोमंतकांत उतरला. हाच फादर थॉमस स्टीफन्स. त्यानें सासष्टींतील नवख्रिस्ती लोकांसाठीं मराठींत, ओवी छंदांत, 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें सन १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें, आणि तेथील देवळांतून मोठ्यानें वाचलें जाऊं लागलें. बारा पेन्सांच्या दंडानें जें साधलें नाहीं तें ओवीनें साधलें, असें आम्हांस वाटतें. दंडानें देवळांतले बांक भरतील. मंडळी भरत नाहीं.

हें लिहितांना आम्हांस थोडा संकोच होतो; कारण वसतिगृहांत रविवारची हजेरी घेणाऱ्यांत आम्ही स्वतः आहों. मुलें ओळीनें जातात, ओळीनें बसतात, व ओळीनें परत येतात. ह्या हजेरीनें संवय लागते, आणि संवय ही तुच्छ वस्तु नव्हे. तरी जें विद्यार्थी हजेरीसाठीं येतात त्यांपैकीं किती जण शाळा सोडल्यावर पुण्यास किंवा मुंबईस गेल्यानंतर आपण होऊन मंदिराचा पत्ता विचारतात? ही चिंता आम्हांस दर जून महिन्यांत वाटते.

ह्या बाबतींत दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपली हकीकत सांगणें बरें. नोकरीस लागल्यावर दोन-तीन वर्षांनीं एका मंडळीच्या सभेंत, तरुणांच्या संघाच्या हिशेबावरून, एका गृहस्थानें आम्हांस चार लोकांदेखत लागेल असें बोलून घेतलें. हिशेब बरोबर होता. पण तें सिद्ध होण्यापूर्वींच शब्द निघून गेले होते. त्या रविवारपासून आम्हीं तेथें पाऊल टाकिलें नाहीं. तीन वर्षें गेलीं. आकाश कोसळलें नाहीं, कीं वीज पडली नाहीं. पहिले कांहीं रविवार आम्ही घरीं नेमानें शास्त्र वाचलें, गुडघे टेकून प्रार्थना केली, व मनांत म्हटलें, "देवळाहून हेंच बरें, येथें कोणाचीं तोंडें पाहावीं लागत नाहींत." मग रविवारीं सकाळीं उत्तरपत्रिका तपासण्यास सोईचें पडूं लागलें. मग बाजार. साधारण सहा महिन्यांत शास्त्र कपाटांत गेलें. आम्हीं देवाशीं भांडलों नव्हतों, त्याच्यावरचा विश्वास टाकिला नव्हता. नुसतें विसरत चाललों होतों. निखारा चुलीबाहेर काढला तर तो लगेच विझत नाहीं; वरून राख धरते, एवढेंच. गच्चीवरची प्रार्थना देवास ऐकूं जाते. अडचण एवढीच कीं, एकट्या मनुष्याची ती प्रार्थना फार दिवस टिकत नाहीं. निदान आमची टिकली नाहीं.

त्या मंडळींत एक म्हाताऱ्या बाई आमच्या शेजारच्या बांकावर बसत. त्यांस वाचतां येत नव्हतें. जुनीं गीतें त्यांस पाठ होतीं, पण चौथ्या-पांचव्या कडव्याशीं त्या अडत, आणि नव्या गीतांत तर पहिल्यापासूनच. आम्हांस थोडें मोठ्यानें व तालाच्या किंचित् पुढें गाण्याची खोड आहे. त्यावरून पेटीवाले आम्हांस नेहमीं बोल लावीत. तीन वर्षांनंतर एके दिवशीं बाजारांत त्या बाई भेटल्या. आम्हीं सलाम केला व आतां उपदेश ऐकावा लागणार म्हणून मनाची तयारी केली. त्यांनीं उपदेश केला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, तुमी बांकावर नसलां म्हंजी मला गान्याची पुढली वळ घावत न्हाई." एवढें बोलून त्या मेथीची जुडी पाहूं लागल्या.

आम्हीं तीन वर्षें हिशेब केला होता तो आम्हांस देवळांत काय मिळत होतें व काय सोसावें लागत होतें ह्याचा. आमच्या खोडीवर कोणाचें गाणें टेकलेलें आहे, ही गोष्ट त्या हिशेबांत नव्हती. पुढच्या रविवारीं आम्ही गेलों. ते गृहस्थही तेथेंच, आपल्या जागीं होते. त्यांनीं आमची क्षमा मागितली नाहीं, व आम्हींही आपणहून कांहीं काढलें नाहीं. प्रभुभोजनाच्या वेळीं ताट त्यांच्या हातून आमच्या हातांत आलें. मनांतली अढी त्या दिवशीं गेली असें आम्ही म्हणणार नाहीं. ती जाण्यास आणखी वर्षभर लागलें. पण ती गेली ती देवळांत बसून गेली. घरीं बसून तीन वर्षांत ती वाढतच होती.

म्हणून "देवळांत ढोंगी लोक येतात" असें जेव्हां तरुण मंडळी म्हणतात, तेव्हां आम्ही वाद घालीत नाहीं. येतात. आमच्या ओळखीचे दोघे-तिघे आहेत, आणि त्यांतील एक आम्हांस आरशांत दिसतो. पौलानें करिंथच्या मंडळीस लिहिलेलीं पत्रें वाचलीं म्हणजे तेथें किती भांडणें, किती गट व किती लाजिरवाण्या गोष्टी होत्या हें कळतें. तरी त्यानें कोणास घरीं बसण्याचा सल्ला दिला नाहीं. किंबहुना इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यास, कांहीं जणांस एकत्र जमणें सोडण्याची संवय लागली आहे अशी तक्रार पहिल्याच शतकांत करावी लागली. बांक रिकामे पडणें ही आजकालच्या पोरांचीच खोड नव्हे.

बोध कंटाळवाणा होतो, हीही तक्रार जुनी आहे. त्रोवस येथें पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हां युतुख नांवाचा तरुण खिडकींत बसल्याबसल्या झोंपीं गेला व तिसऱ्या मजल्यावरून खालीं पडला. पौलासारख्याच्या बोधांत झोंप लागते, तर आमच्या पाळकसाहेबांस कोणी हंसूं नये. पण एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. आपल्या मराठी मंडळीची उपासना नुसत्या बोधावर कधींच उभी नव्हती. कृष्णराव सांगळे (१८३४–१९०८) ह्यांनीं कीर्तन आमच्या मंडळींत आणिलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचीं पदें व अभंग आजही नगरपासून मुंबईपर्यंत रविवारीं गाइलीं जातात. ज्याच्या कानांत बोध शिरत नाहीं त्याच्या कानांत टाळ-मृदंग शिरतो. टिळकांचा दाखला कित्येक जण उलट्या बाजूनें देतात: त्यांनीं सन १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडली नाहीं काय? सोडली, पण सोडून ते गच्चीवर जाऊन बसले नाहींत. त्यांनीं 'देवाचा दरबार' काढला, व बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे शिष्य त्यांत एकत्र आणिले. मिशनचा पगार सोडणें निराळें, आणि माणसें सोडणें निराळें.

आतां एक नवा प्रश्न. सन २०२० च्या मार्च महिन्यांत करोनाच्या साथीमुळें मंदिरें बंद झालीं. त्या वर्षींचा पुनरुत्थानाचा सण, १२ एप्रिलचा, आपण घरांत मोबाइलपुढें बसून पाळिला. महाराष्ट्रांत प्रार्थनास्थळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, पुढच्या वर्षीं पुन्हा बंद पडलीं, व ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हा उघडलीं. त्या दिवसांत मोबाइलवरील उपासनेनें अनेकांस धीर दिला, आणि अंथरुणास खिळलेल्या वृद्धांस ती आजही देवाची देणगी आहे. परंतु साथ सरल्यावरही धडधाकट माणसें खाटेवर लोळत, एका हातांत चहाचा पेला व दुसऱ्या हातांत मोबाइल घेऊन "उपासना झाली" म्हणूं लागलीं, तेव्हां आम्हांस त्या मेथीच्या जुडीची आठवण झाली. पडद्यावर पाळकसाहेब आपणांस दिसतात. आपण त्यांस दिसत नाहीं. दानाची रक्कमही मोबाइलवरून जाते. पण शेजारच्या बांकावरील आजोबांचा खोकला वाढला आहे, किंवा मागच्या बांकावरील मुलाच्या पायांत ह्या वर्षीं वहाणा नाहींत, हें कळत नाहीं. आपला आवाज तर कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं.

ज्यांस खरोखरच येतां येत नाहीं अशांची गोष्ट निराळी. ह्या शाळेंतील कित्येकांचे आईबाप ऊंसतोडणीस जातात; सहा-सहा महिने त्यांचा रविवार फडांत उजाडतो. कोणाचा भाऊ एस.टी.चा चालक आहे, कोणाची बहीण रुग्णालयांत परिचारिका आहे. त्यांस कोणी अनियमित म्हणूं नये. जस्टिनच्या काळीं सेवक भाकरीचा वांटा घेऊन घरोघर जात; त्याप्रमाणें आपल्या मंडळीनें फडावर जावयास पाहिजे. तें फार थोड्या ठिकाणीं होतें, आणि हा दोष येणाऱ्यांचा आहे, न येणाऱ्यांचा नव्हे.

पण रविवारची शिकवणी व क्रिकेटचे सामने ह्यांचें काय? येथें एरिक लिडल ह्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. सन १९२४ च्या पॅरिस येथील ऑलिंपिकांत शंभर मीटरची पहिली फेरी रविवारीं होती म्हणून तो धांवला नाहीं. पुढें चारशें मीटर ४७.६ सेकंदांत धांवून त्यानें सुवर्णपदक मिळविलें. ही गोष्ट सांगून लोक थांबतात. तिचा उत्तरार्ध आम्हांस अधिक आवडतो. लिडल पुढें चीन देशांत मिशनरी झाला, आणि दुसऱ्या महायुद्धांत जपानी लोकांनीं वेइशिएन येथील छावणींत त्यास कोंडलें. तेथेंही रविवारीं खेळ घेण्यास तो आधीं तयार नव्हता. पण छावणींतलीं मुलें रविवारीं आपलीं आपण खेळूं लागलीं व मारामारीवर आलीं, तेव्हां पंच होऊन तो स्वतः मैदानांत उतरला. ज्यानें पदकासाठीं रविवार मोडला नाहीं त्यानें मुलांसाठीं आपला नियम बाजूस ठेविला. सन १९४५ मध्यें त्याच छावणींत तो मरण पावला. प्रभूचा दिवस त्यास कशासाठीं हवा होता, हें ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावांचून कळत नाहीं.

दिवस मोजीत राहण्याचें आणखी एक उदाहरण जपान देशाचें. तेथें सन १६१४ मध्यें ख्रिस्ती धर्मास देशभर बंदी झाली. पुढें पाळक मारले गेले किंवा हांकलून दिले गेले. शास्त्राचीं पुस्तकें नाहींत, देवळें नाहींत. तरी नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांतील शेतकरी व कोळी गुप्तपणें ख्रिस्ती राहिले. त्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं होतीं: एक जण बाप्तिस्मा देई, आणि एक जण पंचांग सांभाळी. प्रभूचा दिवस कोणता, सण कोणता, उपवास कोणता, हें सांगणें एवढेंच त्याचें काम. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू, असें अडीचशें वर्षें चाललें. सन १८६५ च्या १७ मार्च रोजीं नागासाकीच्या नव्या ओउरा देवळांत कांहीं खेडूत आले, आणि त्यांतील एका स्त्रीनें फादर पेतिजां ह्यांच्या कानांत हळूच सांगितलें कीं, आमचें व तुमचें हृदय एकच आहे. बंदी उठली ती त्यानंतर, सन १८७३ मध्यें. ज्यांस देऊळ पाहावयासही मिळालें नाहीं त्यांनीं रविवार हरवूं दिला नाहीं!

राहतां राहिला तो आमचा विद्यार्थी. त्याच्या प्रश्नामागें आणखी एक प्रश्न असावा असें आम्हांस आतां वाटतें: ज्याच्या मनांत शंका आहेत त्यानें देवळांत जाऊन काय करावें? खोटें खोटें गावें काय? त्यास आम्ही थोमाची गोष्ट सांगूं. पुनरुत्थानाच्या पहिल्या रविवारीं शिष्य जमले होते, तेव्हां थोमा तेथें नव्हता. कां नव्हता तें योहान सांगत नाहीं. बाकीच्यांनीं त्यास प्रभु भेटल्याचें सांगितलें. त्यास तें पटलें नाहीं, आणि त्यानें तसें स्पष्ट बोलून दाखविलें. कोणीं त्यास "ह्या सबबी आहेत" म्हणून खालीं बसविलें नाहीं. आठ दिवसांनीं शिष्य पुन्हा त्याच घरांत जमले, आणि ह्या खेपेस थोमा त्यांच्यांत होता. विश्वास बसल्यावर तो आला असें नाहीं. अविश्वास बरोबर घेऊनच तो आला, आणि इतरांनीं त्यास आपल्यांत बसूं दिलें. पुढें जें झालें तें त्या खोलींत झालें.

येत्या जून महिन्यांत जे विद्यार्थी पुढील शिक्षणासाठीं परगांवीं जातील त्यांनीं आपल्या पाळकसाहेबांकडून नव्या गांवच्या मंडळीसाठीं पत्र मागून घ्यावें, व पोंचल्यावर पहिल्याच रविवारीं तें तेथें द्यावें. दुसऱ्या रविवारपर्यंत ठेवूं नये, कारण तोंवर खोलीतले सोबती, शिकवणी व बाजार ह्यांचीं वेळापत्रकें ठरून जातात. पत्र उपासना संपल्यावर लगेच लिहून मिळतें. आपलें नांव, जाण्याचें गांव व राहण्याचा पत्ता एका कागदावर लिहून नेला म्हणजे पुरे. आमच्या त्या विद्यार्थ्याचा कागद आम्ही स्वतः घेऊन जाऊं, त्याची हरकत नसेल तर.